मेलेल्या जंताचीही ॲलर्जी?

प्रश्न : मी कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. प्रात्यक्षिकाला डुकराच्या आतड्यातला गोलकृमी कापून दाखवावा लागतो. हल्ली बरणीचं झाकण उघडलं की शिंका सुरू होतात, डोळे चुरचुरतात. यंदा छातीत घरघरही झाली. सहकारी म्हणतात, नमुना टिकवायच्या फॉर्मालिन द्रावणाचा त्रास आहे, मेलेला जंत काय करणार? खरं काय?
— एक प्राध्यापिका, सांगली

उत्तर : ताई, फॉर्मालिननेही डोळे चुरचुरतात. पण ॲस्कॅरिस, म्हणजे तुमचा हा गोलकृमी, हाताळणाऱ्यांना त्या जंताचीच ॲलर्जी जडते, हे आम्हा परोपजीवीशास्त्रवाल्यांना जुनं ठाऊक आहे. त्यासाठी जंत जिवंत असावा लागत नाही, की पोटात जावा लागत नाही. त्याच्या अंगातली प्रथिनं पुरतात.

गिनीपिगला जंताचा अर्क पहिल्यांदा टोचला तर सहसा काही होत नाही. दोन-तीन आठवड्यांनी तोच शिरेतून दिला, की ते नाक घासू लागतं, केस उभे राहतात, धाप लागते आणि काही मिनिटांत जीव जातो. छाती उघडली तरी फुप्फुसं फुगलेलीच. श्वासनलिका इतक्या आवळलेल्या, की आतली हवा बाहेर पडत नाही. घरघर ऐकली की मला ती फुप्फुसं आठवतात.

1964 साली परोपजीवीशास्त्रज्ञ ब्रिजेट ओगिल्वी यांनी निप्पोस्ट्राँगिलस हा आतड्यातला जंत झालेल्या उंदरांच्या रक्तात ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं दाखवली. माणसातल्या अशा प्रतिपिंडांची, म्हणजे आयजीईची, ओळख त्यानंतर दोन-तीन वर्षांत पटली. अशा प्रतिपिंडांची चाचणी मी स्वतः पाहिली आहे. जंत झालेल्या उंदराचा सीरम, म्हणजे प्रतिपिंडं असलेला रक्तातला द्रव, निरोगी उंदराच्या कातडीत थेंबभर टोचतात. दोन दिवसांनी शिरेतून जंताचा अर्क आणि इव्हान्स ब्लू हा रंग देतात. अर्ध्या तासाने कातडी सोलून आतून पाहिली, की टोचल्या जागी ठसठशीत निळा डाग! कातडीतल्या मास्ट पेशींनी हिस्टामिन हे ॲलर्जी घडवणारं रसायन सोडलेलं असतं, रक्तवाहिन्या झिरपू लागलेल्या असतात. ज्याला जंत कधी झालाच नाही, त्याच्या कातडीत हे घडतं, नुसत्या उसन्या प्रतिपिंडांनी आणि अर्काने.

तेव्हा सहकाऱ्यांचं ऐकून गप्प बसू नका. आधी शिंका, मग घरघर, ही वाढती खूण आहे. ॲलर्जीच्या डॉक्टरांना भेटा आणि जंत व फॉर्मालिन दोन्हींबद्दल सांगा. खात्री करायला स्वतः बरणी हुंगून पाहू नका. तोवर छेद घेतलेल्या तयार काचपट्ट्यांवर शिकवा. आणि वर्गात कुणाला दमा असेल, तर त्या मुलालाही बरणीपासून लांब बसवा.