अथेन्सनंतर तीन रात्री: सिरोस

अथेन्सनंतर तीन रात्री हातात आहेत, सोबत सत्तरीची आई आहे, सँटोरिनीची गर्दी नको, मग सिरोस हे ग्रीक बेट कसं, असं तुम्ही विचारलंत. माझं मत: बेधडक जा. फक्त पांढरी घरं आणि निळे घुमट मनातून काढून टाका. सिरोसचं मुख्य शहर एर्मूपोली हे कामाचं गाव आहे. सायक्लेड्स बेटांची राजधानी असल्याने कोर्ट-कचेऱ्या आहेत, जहाजदुरुस्तीची गोदी आहे (१८६१ पासूनची), त्यामुळे पर्यटक गेले की गावाला कुलूप लागतं, असं इथे होत नाही.

शहर दिसतं जुनं, पण वय जेमतेम दोनशे वर्षं. त्याआधी वस्ती होती ती वरच्या टेकडीवर, आनो सिरोसमध्ये, चाच्यांच्या भीतीने किनाऱ्यापासून लांब. व्हेनिसच्या अमलापासून तिथले लोक कॅथलिक, आणि त्यांच्या डोक्यावर फ्रान्सचा हात. म्हणून १८२१ मध्ये ग्रीक तुर्कांविरुद्ध उठले तेव्हा हे बेट तटस्थ राहिलं. पुढच्या वर्षी खिओस बेटावर कत्तल झाली, १८२४ मध्ये प्सारा बेचिराख झालं, आणि जीव वाचवून निघालेली माणसं इथल्या मोकळ्या किनाऱ्यावर उतरली. त्यांत व्यापारी आणि जहाजवाले पुष्कळ. त्यांनी गावाला व्यापाराच्या देवाचं, हर्मीसचं नाव दिलं आणि बघता बघता ग्रीसचं पहिल्या क्रमांकाचं बंदर उभं केलं. (मुंबईतून कापूस पाठवणारे रॅली ब्रदर्स मूळचे याच खिओसचे.) पुढे आगबोटींचा व्यापार अथेन्सजवळच्या पिरेअस बंदराकडे वळला आणि इथला पैसा आटला. जुन्या हवेल्या पाडून नव्या इमारती उठल्या नाहीत त्या त्यामुळेच, असं मला वाटतं.

बघायचं ते यातूनच आलेलं आहे. संगमरवरी फरसबंदीचा मियाऊली चौक आणि त्यावर झिलर या वास्तुकाराचं नगरभवन, गावाच्या मानाने अवाढव्य. मागेच १८६४ चं अपोलो नाट्यगृह. आत जाऊन लाकडी सज्जे बघा. तिथून वापोरिया भागात चालत जा; जहाजमालकांच्या हवेल्या थेट पाण्यावर उभ्या आहेत आणि खाली आस्तेरियाच्या काँक्रीटच्या धक्क्यावरून लोक कामावरून सुटून पोहायला उतरतात. बंदराजवळच्या किमिसिस चर्चमध्ये चित्रकार एल ग्रेकोने तरुणपणी काढलेली एक छोटी प्रतिमा आहे. त्यावरची त्याची सही १९८३ मध्ये सापडली. तिकीट नाही, गर्दी नाही. औद्योगिक संग्रहालयात सिरोसवर बनलेली एनफिल्ड ८००० ही सत्तरच्या दशकातली विजेवर चालणारी मोटार ठेवली आहे, तेवढ्यासाठी तरी जा.

आईंसाठी महत्त्वाचं: आनो सिरोसला पायऱ्या चढून जाऊ नका. टॅक्सीने वरच्या वेशीपर्यंत जा आणि बोळांतून सावकाश उतरत या. गल्ल्यांत गाड्या येत नाहीत. शिखरावर सेंट जॉर्जचं कॅथलिक कॅथीड्रल आहे, समोरच्या टेकडीवर ऑर्थोडॉक्सांचं आनास्तासी चर्च. या बेटावर दोघे ईस्टर एकाच दिवशी करतात, त्या आठवड्यात जमलं तर खोली फार आधी धरा. रेबेतिको या ग्रीक शहरी लोकगाण्यांचा गायक मार्कोस वामवाकारिस १९०५ मध्ये इथेच जन्मला. त्याचं छोटं संग्रहालय वाटेत लागेल.

समुद्रकिनाऱ्यांसाठी मी सिरोस सुचवणार नाही. गालिसास, कीनी बरे आहेत, बस जाते, संपलं.

शाकाहाराची अडचण येत नाही. फावा म्हणजे आपलं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. शिवाय टोमॅटोच्या रसातले मोठे पांढरे घेवडे, भात भरलेल्या मिरच्या-टोमॅटो. सान मिहाली चीज प्रसिद्ध आहे, पण कडक शाकाहारी असाल तर आधी विचारून घ्या. घरी न्यायला लुकुमी आणि हलवादोपिता या मिठाया. दोन्ही बंदरावरच मिळतात.

बोट पिरेअसहून घ्या. वेगवान बोट अडीच तासांच्या आसपास नेते, मोठी फेरी साधारण चार. आईंसोबत मोठीच बरी, कमी हलते आणि स्वस्तही. जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा जोरदार वारा सुटला की बंदरातून बोटी सोडत नाहीत, आणि छोट्या वेगवान बोटी आधी थांबतात. म्हणून परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री अथेन्समध्येच मुक्काम ठेवा, म्हणजे तीनपैकी दोन रात्री सिरोसला. जून किंवा सप्टेंबर जमत असेल तर दुसरा विचारच करू नका.