सातवीतली मुलगी (३, ५) आणि (५, ३) मध्ये सारखी गोंधळते. बिंदू स्थापन करायला घरी कसं शिकवावं?

‘आधी आडवं, मग उभं’ (पहिला आकडा डावी-उजवीकडचा, दुसरा वर-खालचा) हे चार दिवसांत पाठ होतं, त्याचं टेन्शन घेऊ नका. तिची वही उघडा आणि अक्षावरचे, म्हणजे आडव्या-उभ्या मुख्य रेषांवरचे, आकडे कुठे लिहिलेत ते बघा. कितीतरी मुलं १, २, ३ रेषेवर न लिहिता दोन रेषांमधल्या चौकोनात लिहितात. मग बिंदूही चौकोनाच्या पोटात पडतो. ऋण बाजूला तर शून्याला चिकटून −५ आणि टोकाला −१, कारण हात डावीकडून १, २, ३ असाच चालतो.

मी शाळेत गणित शिकवायचो. एकदा नववीचा वर्ग मैदानावर नेला, फक्कीने दोन अक्ष आखले, ध्वजस्तंभ हा आरंभबिंदू म्हणजे (०, ०), आणि प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी. (−४, २) वाली मुलगी बरोबर जाऊन उभी राहिली. (०, −३) वाला मात्र जागेवर पोचूनही चुळबुळ करतोय. "सर, मी कुठल्या चरणात?" चरण म्हणजे दोन अक्षांनी पडलेल्या चार भागांपैकी एक. झालं, पोरांची जुंपली. कुणी तिसऱ्यात म्हणे, कुणी चौथ्यात. शेवटी एक जण ओरडली, "अरे, तू रेषेवर आहेस, तू कुठल्याच चरणात नाहीस!"

एवढ्यात पर्यवेक्षक हजर. "हा खेळाचा तास आहे का? पोर्शन कोण संपवणार?" सगळे वर्गात परत. वर स्टाफरूममध्ये सगळ्यांदेखत ऐकवलं की बोर्डाला मैदान विचारत नाहीत. अहो, अक्षावरचा बिंदू कुठल्या चरणात, हे तर परीक्षेत विचारतात! फळ्यावर दहादा सांगूनही पोरं तिथेच गुण घालवतात.

तुमच्या (३, ५) बद्दल: हा क्रम ठरवलेला आहे, त्यामागे तर्क शोधू नका, आणि तिलाही तसंच सांगा. बुद्धिबळात ई४ म्हणताना आधी डावीकडून कितवी पट्टी, मग खालून कितवी ओळ, म्हणजे आपल्यासारखंच. पण गूगल मॅप्सवर पुणे १८.५२, ७३.८६ असं दिसतं. तिथे अक्षांश आधी, म्हणजे वर-खालचा आकडा पहिला. हुशार पोरीला हे खटकणारच. तेव्हा तिला "गप्प पाठ कर" म्हणू नका, तसं म्हणणारे शाळेत पुष्कळ भेटतील.

घरात फरशी असेलच. तिथे करून घ्या, पण तिला फरश्यांच्या जोडावर उभं करा, फरशीच्या मधोमध नाही.

एक मात्र आहे, मैदान काय नि फरशी काय, त्याने आलेख कागदावर हात बसत नाही. तो कागदावरच बसतो. कोपऱ्यात ‘प्रमाण: दोन्ही अक्षांवर १ सेमी = १ एकक’ लिहायची सवय आत्ताच लावा, नाहीतर पुढे गुण कापतात. राज्य मंडळात निर्देशक भूमितीचा धडा नववीत आहे, त्यामुळे घाई काहीच नाही. पोर्शन संपवायची घाई आमच्या पर्यवेक्षकांना होती, तुम्हाला कशाला?