सायकलच्या दुकानातला भीतिदायक प्रसंग असलेली जुनी अमेरिकी विनोदी मालिका कोणती?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे : 1986 च्या दिवाळीत नारायण पेठेतल्या मामांच्या वाड्यात, अमेरिकेहून आलेल्या नातेवाइकांनी आणलेली एक व्हिडिओ कॅसेट लावली गेली. तिच्यात एक स्थूल, हसतमुख सायकलवाला दोन लहान मुलांना दुकानामागच्या खोलीत बसवून खाऊ देत होता, प्रेक्षक हसत होते आणि तरीही आपल्याला भीती वाटत होती. पुढे एका बाईने जळका केक कुणाच्या तोंडावर मारला. चित्र कृष्णधवल होते आणि शेवट आठवत नाही. हे सारे खरोखर पाहिले की स्वप्नात, आणि त्या मुलांचे पुढे काय झाले, असे आपण विचारले आहे.

आपण ते खरोखरच पाहिले आहे. मात्र ते सगळे एकाच मालिकेतले नाही.

कृष्णधवल चित्राच्या आठवणीने माझीही आधी दिशाभूल केली. रंग नाहीत म्हणजे मालिका जुनी असणार, असे धरून मी 1951 ते 1957 या काळातल्या ‘आय लव्ह लूसी’ या अमेरिकी विनोदी मालिकेच्या भागांचे कथासार वाचण्यात दोन संध्याकाळी घालवल्या आणि हाती काहीच लागले नाही. ‘मामा सारखे टीव्हीचे बटण फिरवत होते’ हे आपले वाक्य मी तोवर सोडूनच दिले होते. तपकीर गल्लीत त्या काळापासून टीव्हीदुरुस्ती करणारे माझे एक परिचित आहेत, त्यांना ते वाक्य वाचून दाखवताच ते हसून म्हणाले, “कॅसेट अमेरिकेची होती ना? मग रंग कुठून दिसणार?” अमेरिकेतले ध्वनिचित्रमुद्रण एनटीएससी पद्धतीचे, म्हणजे 525 रेषांचे आणि सेकंदाला 60 फील्डचे (पडद्यावर उमटणाऱ्या अर्ध्या चित्रांचे) असे, तर आपल्याकडचे टीव्ही पाल पद्धतीचे, 625 रेषांचे आणि 50 फील्डचे होते. तिकडची कॅसेट वाचू शकणारा व्हीसीआर मिळाला, तरी साध्या पाल टीव्हीला तिच्यातले रंग उलगडत नसत आणि चित्र वर-खाली पळत राही. ते स्थिर करण्यासाठी ‘व्हर्टिकल होल्ड’चे बटण फिरवत बसावे लागे. मामांची खटपट ती होती. मालिका रंगीतच होती.

रंगाची अट काढून टाकल्यावर सायकलवाला लगेच सापडला. मालिकेचे नाव ‘डिफरन्ट स्ट्रोक्स’. न्यूयॉर्कचे एक धनवान विधुर गृहस्थ, श्री. ड्रमंड, दोन अनाथ कृष्णवर्णीय भावांना आपल्या घरी वाढवतात, अशी तिची मूळ कल्पना होती. आपण पाहिलेल्या कथेचे नाव ‘द बायसिकल मॅन’ असून ती एनबीसी वाहिनीवर 5 आणि 12 फेब्रुवारी 1983 रोजी दोन भागांत दाखवली गेली. सायकलवाल्या हॉर्टनची भूमिका गॉर्डन जम्प यांनी केली होती. अमेरिकी प्रेक्षक त्यांना एका रेडिओ केंद्रावरच्या विनोदी मालिकेतला भोळा, भला व्यवस्थापक म्हणून ओळखत होता, आणि नेमक्या त्याच चेहऱ्याची निवड या भूमिकेसाठी व्हावी, हे मला त्या भागातले सर्वांत धारदार पाऊल वाटते. त्या भावांतला धाकटा, आपल्याला आपल्याच वयाचा वाटलेला अर्नोल्ड म्हणजे गॅरी कोलमन. पहिला भाग दाखवला गेला, तेव्हा त्याला पंधरावे वर्ष पूर्ण व्हायला तीनच दिवस उरले होते. मूत्रपिंडाच्या विकारामुळे त्याची वाढ खुंटलेली होती. त्याचा मित्र डडली ही भूमिका शवार रॉसची.

हा भाग मी गेल्या आठवड्यात पाहिला आणि आपली भीती मला पूर्ण पटली. हॉर्टन कुठेही आवाज चढवत नाही. तो आधी आइस्क्रीम देतो, मग थोडी वाइन, मग मुलांनी पाहू नयेत अशी मासिके, आणि प्रत्येक पायरीवर ‘हे आपल्यातच राहू दे’ असे सांगत गुपिताची मोळी बांधत जातो. दरम्यान अर्नोल्डचे विनोद चालू असतात आणि त्यांवर नेहमीसारखा हशाही येत राहतो. मोठा माणूस हे पाहताना निदान सावध तरी होतो. आठ वर्षांच्या मुलाला मात्र हशा ऐकू येतो, म्हणजे सगळे ठीक आहे, असे वाटायला हवे आणि तसे वाटत नाही. त्यातून त्या वेळच्या पुण्यात सायकल तासाच्या भाड्याने देणारा दुकानदार हा मुलांना घरच्यासारखा असे. मीही शाळा सुटल्यावर अशाच एका दुकानाच्या फळीवर बसून असे. तोच माणूस आपल्या डोळ्यांपुढे उभा राहिला असणार.

जळका केक मात्र दुसऱ्या मालिकेतला आहे. ‘ऑल इन द फॅमिली’च्या 16 ऑक्टोबर 1977 रोजी सीबीएसवर दाखवलेल्या तासाभराच्या भागात, मालिकेतली गृहिणी ईडिथ बंकर आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी घरात एकटी असताना एक माणूस पोलिस असल्याचे सांगून आत शिरतो आणि तिच्यावर बलात्कार करू पाहतो. स्वयंपाकघरातून जळका वास येतो, ती ओव्हनमधून केक बाहेर काढते आणि तोच त्याच्या तोंडावर मारून पळते. ईडिथची भूमिका करणाऱ्या जीन स्टेपलटन यांनी हा प्रसंग असा वठवला आहे की प्रेक्षागृहातला जल्लोष थांबता थांबत नाही.

दोन्ही एकाच कॅसेटवर कसे आले, याबद्दल माझा तर्क असा आहे. टी-120 कॅसेटवर सर्वांत मंद गतीने सहा तासांचे चित्रण मावत असे, त्यामुळे नातेवाइकांना पाठवायच्या कॅसेटवर लोक मिळेल ते भरत. 1977 चा भाग त्यांनी पुनःप्रक्षेपणावरून घेतला असेल. सायकलवाल्याची कथा दोन भागांची होती आणि त्यांतला पहिलाच कॅसेटवर आला असावा, कारण मुले अजून गुपित पोटात घेऊन फिरत असतानाच तो भाग ‘क्रमशः’ म्हणून थांबतो. आपल्याला शेवट आठवत नाही, कारण बहुधा आपण तो पाहिलेलाच नाही.

तो शेवट दुसऱ्या भागात आहे. अर्नोल्ड हॉर्टनकडून निघून घरी येतो, डडली मात्र तिथेच मागे राहतो. घरी अर्नोल्डच्या तोंडून हळूहळू सगळे बाहेर पडते, आणि श्री. ड्रमंड डडलीच्या वडिलांना आणि पोलिसांना घेऊन दुकान गाठतात. हॉर्टनने डडलीला एक गोळी दिलेली असते, त्यामुळे तो गुंगीत सापडतो. हॉर्टनला अटक होते आणि डडली वडिलांबरोबर घरी जातो.