पीएसए निम्म्यावर आला, पण...

प्रश्न : वय ६१. प्रोस्टेट वाढल्यामुळे वर्षभर फिनास्टेराइड घेतोय. पीएसए (प्रोस्टेटच्या कर्करोगाचा संशय तपासण्यासाठी रक्तात मोजतात ते प्रथिन) ४.२ वरून २.२ झाला. आता तपासणी बंद केली तर चालेल?

उत्तर : नका करू, कळकळीने सांगतो. हे औषध पीएसए साधारण निम्म्यावर आणतंच, तुमचा २.२ हा ४.४ समजून वाचायचा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या, १८ हजारांहून अधिक पुरुषांवरच्या सात वर्षांच्या चाचणीतही औषध घेणाऱ्यांचा पीएसए असाच वाढवून धरला होता. मी रुग्णाच्या रिपोर्टवर दुप्पट आकडा पेनाने लिहून त्याला गोल करतो. खाली आलेला आकडा पुन्हा चढू लागला, अगदी थोडा का होईना, तर लगेच दाखवा. आणि नव्या डॉक्टरांना गोळीचं नाव आधी सांगा. केसगळतीसाठीही हेच औषध देतात, ते सांगायचं बरेचजण विसरतात.