कळशी उचलली म्हणून गेलं का?

"मॅडम, गणपतीला गावी गेले होते. विहिरीवरून दोन कळशा आणल्या. तेव्हाच गेलं ना?" खुर्चीत टेकायच्या आधीच तिने विचारलं. वय ३६, पहिलंच गरोदरपण. नवव्या आठवड्यात सोनोग्राफीत ठोके बंद दिसले. क्युरेटिंगनंतर नमुना तपासला, तर सोळा नंबरच्या गुणसूत्राच्या (पेशीत आनुवंशिक माहिती वाहणाऱ्या धाग्याच्या) दोनऐवजी तीन प्रती. सोबत आई होती. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मी कागदावर जोड्या काढल्या. आपल्या पेशीत ४६ गुणसूत्रं, म्हणजे २३ जोड्या. स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना जोड्या सुटतात आणि प्रत्येकीतलं एकच पुढे जातं. एखादी जोडी सुटलीच नाही, तर बीजात २४ जातात आणि गर्भात ४७ होतात. "तुम्ही कळशी उचललीत तेव्हा गर्भात ४७ होतीच. दिवस जाण्याआधीच ते घडून गेलं होतं." पहिल्या तीन महिन्यांतल्या गर्भपातांपैकी जवळपास निम्म्यांत गुणसूत्रांचीच गडबड सापडते, आणि त्यात हा जादा सोळा नंबर नेहमीचा.

"मग माझ्याच बीजात का?"

स्त्रीबीजाचं हे विभाजन बाई स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होतं, आणि अर्ध्यावर थांबतं. ते पुढे सरकतं थेट बीज पक्व होतं त्या महिन्यात. इतकी वर्षं जोडी धरून ठेवणारी प्रथिनं वयानुसार झिजतात, म्हणून पस्तिशीनंतर अशा चुका वाढतात.

इतका वेळ गप्प असलेली आई म्हणाली, "म्हणजे माझंच चुकलं? ही पोटात होती तेव्हा सातव्या महिन्यापर्यंत मी भात लावत होते."

मला गलबलून आलं. दोष मुलीच्या डोक्यावरून उतरवला आणि तो आईने उचलला. "आई, लावणीने काही होत नाही. बीज तिथे थांबतं ते सगळ्याच बायकांचं. तुमचं थांबलं होतं, माझंही."

मग पुढचं बोललो. तिसरं गुणसूत्र सुटं होतं. दुसऱ्या गुणसूत्राला चिकटलेलं असतं, तर ते दोघांपैकी एकाकडून आलंय का हे बघायला नवराबायको दोघांचंही रक्त तपासायला सांगितलं असतं. पुढचं गरोदरपण नीट पार पडण्याचीच शक्यता जास्त आहे. दहाव्या आठवड्यानंतर गरोदर बाईच्या रक्तावरून गर्भाच्या गुणसूत्रांचा अंदाज घेणारी चाचणी असते, तीही समजावली.

निघताना तिने तो कागद मागून घेतला. सासूबाईंना दाखवायचा होता.