साओ पाउलोला निघताना : आईचं नाव, मिक्सर आणि जामीनदार

या वेळच्या टपालात ब्राझीलला गेलेल्यांची आणि निघालेल्यांची पत्रं बरीच आहेत. त्यातले पाच प्रश्न घेतले आहेत.

प्रश्न : मिस्टरांची साओ पाउलोला बदली झाली आहे. मी आणि सहा वर्षांचा मुलगा मागून जाणार. मुलाच्या जन्मदाखल्यावर माझं नुसतं नाव आहे, पासपोर्टावर नाव-नवऱ्याचं नाव-आडनाव आहे आणि लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव. याने काही अडतं का? – एक वाचक, बाणेर

उत्तर : अडतं, आणि नेमकं हेच सगळ्यात जास्त अडतं. ब्राझीलमध्ये आईचं नाव ही माणसाची ओळख मानतात. सीपीएफ हा अकरा आकडी नंबर (आपल्या पॅन आणि आधारची कामं एकटा करतो असं समजा) काढताना आईचं नाव विचारतात, आणि पुढे बँकेच्या फोनवर तुम्ही तुम्हीच आहात का हे पडताळतानाही तेच विचारतात. एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसरं दिसलं, की खिडकीवरच्या माणसाच्या लेखी त्या दोन वेगळ्या बायका होतात. मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, ही आपली पद्धत त्याला ठाऊक नसते आणि तोंडी सांगून पटतही नाही.

म्हणून दुरुस्ती पुण्यातच करा. मुलाच्या जन्मदाखल्यात तुमचं पूर्ण नाव घालून घ्या. जन्म-मृत्यू नोंदणी कायदा, १९६९ च्या कलम १५ खाली निबंधकाला नोंद दुरुस्त करता येते. जन्म ज्या हद्दीत झाला तिथलंच कार्यालय लागतं. जन्म सांगलीचा असेल तर पुणे महापालिकेत हेलपाटे घालून उपयोग नाही. पासपोर्टावर आईवडिलांची नावं छापलेली असतील तर तीही ताडून बघा. तिथे चूक असेल तर मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्रातून पासपोर्ट पुन्हा काढावा लागेल, आणि तो व्हिसाच्या अर्जाआधी. लग्नाचा दाखला विवाह निबंधकाचाच हवा, मंगल कार्यालयाची पावती चालत नाही.

नावं जुळली की कागदांचा क्रम पाळा. आधी राज्य सरकारचं प्रमाणीकरण, मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का), आणि पोर्तुगीज भाषांतर सगळ्यात शेवटी, तेही ब्राझीलमध्ये. भाषांतर तिथल्या शपथबद्ध भाषांतरकाराचंच लागतं आणि त्यात अपोस्टिलचा मजकूरही यावा लागतो. पुण्यात आधीच भाषांतर करून नेणाऱ्यांना दुसऱ्यांदा पैसे मोजावे लागतात. दाखल्याला लॅमिनेशन केलं असेल तर सरळ नवी प्रत काढा.

पोचल्यावर ९० दिवसांच्या आत फेडरल पोलिसांकडे नोंदणी करायची असते. नव्वद दिवस पुष्कळ वाटतात, पण ऑनलाइन मिळणाऱ्या तारखा पटापट भरतात. पहिल्याच आठवड्यात तारीख घ्या. उशिराला दिवसागणिक दंड आहे.

प्रश्न : मुलगा-सून साओ पाउलोला आहेत. मिक्सर, इस्त्री, कुकर यातलं काय पाठवू? दुसरं म्हणजे, सून म्हणते की अंघोळीला नळ पूर्ण सोडला तरी पाणी कोमटच येतं. – एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : नळ पूर्ण सोडते म्हणूनच कोमट येतं! तिथे बहुतेक घरांत शॉवरच्या तोंडातच हीटरची कॉइल असते. पाणी साठत नाही, वाहता वाहता तापतं. धार मोठी केली की पाणी कॉइलजवळ कमी वेळ राहतं आणि गार पडतं. सुनेला धार बारीक करायला सांगा. शॉवरवर 'वेराँव' म्हणजे उन्हाळा आणि 'इंव्हेर्नो' म्हणजे हिवाळा असा खटका असतो. तो पाणी चालू असताना कधीच फिरवायचा नाही. नवा शॉवर बसवला तर आधी खटका बंद ठेवून गार पाणी भरू द्यायचं. कोरडी कॉइल पेटली की क्षणात जळते. साधा शॉवर ५५०० वॉटचा असतो. १२७ व्होल्टवर तो ४३ अँपिअर ओढतो, २२० वर २५. म्हणून त्याला स्वतंत्र जाड वायर आणि स्वतंत्र ब्रेकर लागतो. ब्रेकर सारखा पडतो म्हणून मोठा ब्रेकर बसवणं धोक्याचं, कारण मग वायर तापते.

आता मिक्सर. साओ पाउलोत घरातले बहुतेक सॉकेट १२७ व्होल्टचे, पण स्वयंपाकघरात किंवा एसीसाठी एखादा २२० चाही सापडतो. गोम अशी, की दोन्ही दिसायला एकसारखे. पिनांच्या आकारावरून व्होल्टेज कळत नाही; १० अँपिअरचं भोक ४ मिलिमीटरचं आणि २० चं ४.८, एवढाच फरक. कधी स्टिकर असतो, बहुतेकदा नसतो. मुलाला मल्टिमीटरने प्रत्येक सॉकेट मोजून वर पेनाने लिहून ठेवायला सांगा. आपला मिक्सर १२७ वर रडतखडत फिरतो, ओल्या नारळावर अडकतो आणि तापतो. २२० वर तो नीट चालतो, आणि ६० हर्ट्झने त्याच्या मोटारीला फरक पडत नाही. तिथला ब्लेंडर ज्यूसला छान, पण शेंगदाण्याचा कूट किंवा सुकी चटणी त्यात धड होत नाही. म्हणून मिक्सर जरूर पाठवा, सोबत अडॅप्टर. २२० चा सॉकेट नसेल तर ट्रान्सफॉर्मर तिथेच घ्यावा, ७५० वॉटच्या मिक्सरला निदान १५०० व्हीएचा, कारण मोटर सुरू होताना जास्त ओढते.

इस्त्री अजिबात नको. हजार वॉटची इस्त्री १२७ वर जेमतेम ३०० वॉटची उरते. कुकर तिथेही घरोघरी असतात, राजमा-घेवड्याचाच देश तो. पण आपला कुकर पाठवलात तर त्याच्या दोन-तीन रिंगा आणि सेफ्टी वॉल्व्ह बरोबर द्या, त्या मापाचे तिथे मिळत नाहीत.

प्रश्न : तिथल्या पिठाच्या पोळ्या कडेला फाटतात आणि तासाभरात चामडं होतात. उपवासाला काय मिळतं? – हिंजवडीहून गेलेला एक वाचक

उत्तर : 'इन्तेग्राल' लिहिलेलं तिथलं पीठ बहुधा मैद्यात वरून कोंडा मिसळलेलं असतं. कोंड्याच्या धारदार कडा चिकटपणाचे धागे तोडतात, म्हणून कड फाटते. शिवाय जात्यातून दाबून निघालेल्या आपल्या कणकेइतकं पाणी ते पीत नाही, म्हणून पोळी लवकर वाळते. दोन वाट्या इन्तेग्राल चाळून घ्या, त्यात एक वाटी साधं पांढरं पीठ (मैदा) घाला, चमचाभर तेल, आणि चांगल्या कोमट पाण्याने सैलसर मळा. चाळीस मिनिटं झाकून ठेवल्याशिवाय लाटू नका.

उपवासाची चैन आहे. 'सागु' नावाने मिळतो तो साबुदाणाच, त्याच कसावा कंदाचा. गोळ्या कडक असतात. पहिल्यांदा मूठभरच भिजवून दाणा बोटांत दाबला जातो का बघा, मग वेळ ठरवा. खरं तर कसावा, शेंगदाणा, बटाटा आणि मिरची हे सगळे त्या बाजूचेच, तेव्हा खिचडी तिथे परदेशी नाही.

बाकी यादी : बेसन म्हणजे 'फारिन्या दे ग्राँव दे बिको', गूळ म्हणजे 'रापादुरा' (लिहिताना र, म्हणताना 'हापादुरा', र म्हटलंत तर दुकानदार गोंधळतो). तूर 'ग्वान्दु' नावाने मिळते, पण अख्खी आणि सालासकट, रात्रभर भिजवा. डाळी-मसाले सुटे घ्यायला ब्रासजवळचा झोना सेरेआलिस्ता भाग, आणि मुगासाठी लिबेर्दाजी या वस्तीतली आशियाई दुकानं. हिंग मात्र पुण्याहूनच न्या, सीलबंद डबी. कढीपत्त्याचं रोप किंवा बिया बॅगेत टाकू नका, विमानतळावर काढून घेतात.

प्रश्न : घरमालक 'फियादोर' मागतात. ओळखीचं कोणी नाही. करार ३० महिन्यांचा, मला दीड वर्षातच परत यायचंय. – एक वाचक, वारजे

उत्तर : फियादोर म्हणजे जामीनदार, आणि त्याच्या नावावर बहुधा त्याच शहरात घर असावं लागतं. नवख्याला तो कुठून मिळणार? पर्याय दोन. अनामत, जी कायद्याने तीन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही, किंवा भाड्याचा विमा. विम्याचे पैसे परत येत नाहीत, अनामतीचे येतात. हाताशी रक्कम असेल तर अनामतच द्या. एका करारात एकच हमी घेता येते, हे १९९१ च्या ८२४५ क्रमांकाच्या भाडे कायद्यातच आहे. अनामतही आणि जामीनदारही मागणाऱ्याला तेवढं दाखवा.

आपल्या अकरा महिन्यांच्या कराराची सवय असल्याने ३० चा आकडा घाबरवतो. पण आधी सोडलंत तर दंड उरलेल्या काळाच्या प्रमाणातच लागतो. दंड तीन भाड्यांचा असेल आणि १८ महिन्यांनी निघालात, तर उरलेले १२ भागिले ३०, गुणिले तीन भाडी, म्हणजे सव्वा भाड्याच्या आसपास. कंपनीनेच दुसऱ्या गावी बदली केली असेल तर तोही नाही. फक्त निदान ३० दिवस आधी लेखी कळवायचं आणि कंपनीचं पत्र जोडायचं. हे पत्र आठवणीने मागून घ्या.

जाहिरातीतल्या भाड्यावर भुलू नका. त्यावर सोसायटीचा मेंटेनन्स आणि घरपट्टी वेगळी. किल्ली घेताना 'विस्तोरिया' म्हणजे घराच्या अवस्थेची यादी सही करायला देतात. भिंतीतला प्रत्येक खिळा आणि फरशीचा प्रत्येक तडा त्यात लिहवून घ्या, फोटोसकट. रिकामं घर म्हणजे तिथे खरंच रिकामं असतं, कधी कधी दिवेही नसतात.

प्रश्न : आम्ही दोघं, पासष्टीचे, मुलाकडे महिनाभर जातोय. शाकाहारी आहोत. काय काळजी घ्यावी? – एक दांपत्य, कोथरूड

उत्तर : पिवळ्या तापाची लस आधी. ब्राझीलहून भारतात परतताना तिचं प्रमाणपत्र नसेल तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रावरच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी; प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं. पण साठीनंतर या लसीचे गंभीर दुष्परिणाम जास्त दिसतात, त्यामुळे तिकिटं काढण्यापूर्वी तुमच्या डॉक्टरांशी बोला. अंड्याची अॅलर्जी असेल तर तेही सांगा. रोजच्या गोळ्या पूर्ण महिन्याच्या न्या, इथली चिठ्ठी तिथल्या औषधाच्या दुकानात चालत नाही.

जेवायला 'पोर किलो' हॉटेल बघा : ताट स्वतः वाढून घ्यायचं आणि वजनाने पैसे. काय घेतोय ते डोळ्यांनी दिसतं. 'सें कार्नी', म्हणजे मांसाशिवाय, एवढंच म्हटलंत तर कोंबडी किंवा हॅम येऊ शकतं, कारण तिथे 'कार्नी' म्हणजे मुख्यतः गोमांस. घेवड्याच्या उसळीतही बेकनचे तुकडे असतात, पळीने तळ ढवळून बघा.