डच बंदराचं जुनं चित्र विकायला आलंय. सही १७व्या शतकातल्या चित्रकाराची आहे. विश्वास ठेवावा का?

नुसत्या सहीवर अजिबात नको. आधी चित्राची पाठ आणि त्यातल्या इमारती बघा. सही मागाहूनही घालता येते. त्या काळची बरीच लहान चित्रं ओकच्या फळीवर आहेत. फळी उलटी करा: कडा मागून तिरप्या तासलेल्या असतात, आणि लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून झाड कोणत्या सालानंतर तोडलं हे तज्ज्ञ काढतात. इमारती तर याहून बोलक्या. होर्न बंदराच्या होफ्टटोरेन बुरुजावर लाकडी मनोरा १६५१ साली चढला. चित्रात तो मनोरा आहे आणि कोपऱ्यात १६४० लिहिलंय, तर ती तारीख खोटी. आकाशाच्या मूळ थरात प्रशियन निळा सापडला तरी चित्र १७व्या शतकातलं नाही, कारण तो रंग १८व्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये निघाला. (वरून केलेली डागडुजी मात्र वेगळी मोजायची.) हेगच्या आरकेडी या कला-इतिहास संस्थेचा चित्रसंग्रह ऑनलाइन बघता येतो, तिथे तेच बंदर, तोच चित्रकार जरूर ताडून पाहा.

एक लक्षात ठेवा, इमारतीवरून 'याच्या आधीचं नाही' एवढंच कळतं. १९व्या शतकातल्या डच चित्रकारांनीही जुन्या धर्तीची बंदरं भरपूर रंगवली, आणि त्यातली काही फार सुंदर आहेत. विक्रेत्याच्या कागदावर 'अमुकच्या शैलीत' किंवा 'अमुकच्या वर्तुळातील' असं असेल, तर ते अमुकचं चित्र नव्हे. भावही त्याच हिशेबाने ठरवा.